कुणी मागं लागलंय का?

आजचा विषय पळण्याचा आहे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. सॉफ्टवेअर लिहितो, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसतो, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून पहाटे पळतो. तीन वर्षांपूर्वी कोल्हापूर सोडून लखनौला आलो. रायबरेली रोडवर तेलीबाग म्हणून भाग आहे, छावणीच्या दक्षिणेला, तिथं राहतो. जवळून शारदा कालवा जातो. हिमालयाच्या पायथ्याशी बनबसाला शारदा नदी अडवून काढलेला आणि १९२८ साली सुरू झालेला हा कालवा. त्याच्या काठची मातीची वाट हाच माझा ट्रेल. गगनबावड्याच्या घाटात पळणाऱ्या माणसाला इथं चढ म्हणून मिळतो तो शहीद पथाचा उड्डाणपूल. तेवढ्यावर भागवतो.

पहिल्याच हिवाळ्यात, धुक्यात, कालव्याकाठच्या चहाच्या टपरीवरून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला थांबवलं. चेहऱ्यावर खरी काळजी होती. म्हणाले, ‘‘काहे भाग रहे हो भैया? सब ठीक तो है?’’

मला एकदम आजोबा आठवले. आमचं मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात. कॉलेजात असताना मी सुट्टीत गावी जाऊन शेताच्या बांधावरून पळायचो, तेव्हा आजोबा गोठ्यातून ओरडायचे, ‘‘कुणी मागं लागलंय का रं?’’ मी हसायचो. पण हजारेक किलोमीटर लांब, दुसऱ्या भाषेत, तोच प्रश्न पुन्हा ऐकला तेव्हा वाटलं, दोन म्हातारी माणसं एकच गोष्ट विचारत असतील तर तिच्यात काहीतरी असणार. त्यांना पळणं अनोळखी नव्हतं. कारणाशिवाय पळणं अनोळखी होतं. मग आपल्याकडे आधी कोण पळत होतं आणि कशासाठी? हे शोधायला लागलो.

तेलीबागेपासूनच सुरू करू. १८५७ च्या जूनअखेर लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. आत इंग्रज आणि त्यांच्या बाजूचे शिपाई, बाहेर अवधची फौज. आतबाहेर निरोप कसे जायचे? माणसांच्या पायांवर. चिठ्ठी बारीक लिहायची, काही मजकूर ग्रीक लिपीत, म्हणजे सापडली तरी वाचता येऊ नये. तिची सुरळी करून पिसाच्या पोकळ देठात घालायची आणि हरकाऱ्यानं ती अंगावर लपवून रात्रीतून निघायचं. अंगद नावाचा एक माणूस अशा फेऱ्या करत होता. इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव ‘उंगुद’ असं वाकडंतिकडं झालेलं आहे.

नोव्हेंबरात सर कॉलिन कॅम्पबेलची फौज वेढा फोडायला आली. तिला शहरातली वाट दाखवायला कुणीतरी हवं होतं. टॉमस कॅव्हना नावाचा कारकून तोंडाला काजळी फासून, देशी कपडे घालून ९ नोव्हेंबरच्या रात्री बाहेर पडला. या माणसाला पुढं व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सैनिक नसलेल्या फारच थोड्या लोकांना तो मिळालेला आहे. त्यानं स्वतःच्या पराक्रमावर पुस्तकही लिहिलं, १८६० साली. पण तो एकटा नव्हता. त्याच्याबरोबर कनौजीलाल होता. हा कनौजीलाल बाहेरून निरोप घेऊन रेसिडेन्सीत आला होता, आणि आता तोच परत निघाला होता, या वेळी एका गोऱ्या माणसाला सोबत घेऊन. दोघांनी गोमती ओलांडली, पुन्हा पुलावरून अलीकडे आले, शहरातून पार झाले, अंधारात वाट चुकून थेट दिलकुशाच्या बागेत शिरले, जिथं विरुद्ध बाजूचा पहारा होता, आणि तिथूनही निसटले. दिलकुशा माझ्या घरापासून फार लांब नाही. रविवारी मी पळत तिथं जातो.

आता कनौजीलाल कुणासाठी धावत होता हे आपल्याला अवघड जातं. तो इंग्रजांचा निरोप्या होता, म्हणून त्याचं स्मारक आपण उभारणार नाही. इंग्रजांनीही त्याला बक्षीस दिलं आणि कथा मात्र कॅव्हनाची केली. दोन्हीकडून तो गेला. मला त्याच्या राजकारणाबद्दल काही म्हणायचं नाही. पण रात्रीच्या अंधारात, शत्रूच्या मुलखातून, वाट पायांनी ओळखत जाणं हे काम त्याचं होतं. कॅव्हनानं ते एकदा केलं.

हेच आपल्या घरच्या इतिहासात बघा. १६६० च्या आषाढात, पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांची नावं आपल्याला पाठ आहेत आणि ती असलीच पाहिजेत. पण परंपरा सांगते की महाराज पालखीत होते. म्हणजे पावसात, चिखलात, रात्रभर, खांद्यावर ओझं घेऊन भोई पळत होते. दर पावसाळ्यात हजारो लोक पन्हाळा ते पावनखिंड हा ट्रेक करतात. मीही तीनदा केलाय. पाठीवर चार किलोची सॅक, पायात ग्रिपचे बूट, आणि दुसऱ्या दिवशी माझे गुडघे बोलायला तयार नव्हते. त्या भोयांपैकी एकाचं तरी नाव सांगता येईल का, हा प्रश्न त्या चिखलातच पहिल्यांदा डोक्यात आला.

इंग्रजी अमलात डाकेचा हरकारा आला. हातात भाला, त्याला घुंगरं, खांद्यावर टपालाची थैली. जंगलातल्या वाटेवर घुंगरांचा आवाज जनावराला बाजूला सारायचा, आणि पुढच्या चौकीवरच्या माणसाला सांगायचा की ऊठ, तयार हो. तीन-चार कोसांचा टप्पा संपला की थैली दुसऱ्याच्या खांद्यावर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पत्र शेकडो मैल जायचं, पण एकही माणूस शेकडो मैल पळत नसे.

चालण्याचंही तसंच. १८५७ सालीच पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे चालत निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात होते. लुटले गेले, उपाशी राहिले. पुढं चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिल्या, त्या ‘माझा प्रवास’ म्हणून १९०७ मध्ये छापल्या गेल्या. मराठीतलं इतकं मोठं चालणं दुसरं कुठलं पुस्तकात उतरलं असेल असं मला वाटत नाही. सगळं गमावलेला हा माणूस घरी परतला तो गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. आई-वडिलांसाठी. आपण हायकिंगला जातो आणि फोटो घेऊन येतो. असो.

मग पळणं खेळ कधी झालं? आपल्याकडे याचं एक उत्तर पुण्यात सापडतं. डेक्कन जिमखाना १९०६ साली निघाला. १९१९ च्या तिथल्या स्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेली मुलं शेतकऱ्यांची, शेतात राबणारी, साधं खाऊन जगणारी, अनवाणी. दोराबजींनी घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जातात. त्यांनी खटपट केली, स्वतःच्या खिशातून पैसे घातले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा सहा जणांचा संघ गेला. त्यात दोन मल्ल होते, नवले आणि शिंदे. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, म्हणजे पदक एका पायरीवरून हुकलं.

पण माझा माणूस वेगळा. फडेप्पा दरेप्पा चौगुले, बेळगावकडचे. आमच्या गडहिंग्लजहून बेळगाव म्हणजे बाजाराचा गाव, त्यामुळे मला ते शेजारचेच वाटतात. ते मॅरेथॉन पळाले. आता ऐका, त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. आजचं ४२.१९५ हे अंतर १९२१ साली ठरलं. म्हणजे चौगुले आजच्या धावपटूपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच पळाले. वेळ दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद, क्रमांक एकोणिसावा. मी आयुष्यातली सगळ्यात चांगली मॅरेथॉन पळालो ती चार तास बारा मिनिटांत, मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ, खिशात साखरेच्या जेलची पाकिटं. तुलना करत नाही. करण्यासारखी नाहीच.

आजोबांना मी हे सांगू शकलो नाही, ते तोवर गेले होते. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, ‘‘एवढं पळून काय आणलं त्यानं?’’ आणि इथं मी अडकलो. कारण शेतातली ती मुलं जिमखान्याच्या मैदानावर उतरली तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावर कुणाची थैली नव्हती, पालखी नव्हती. ते पळणं त्यांचं स्वतःचं होतं. ही मला मोठी गोष्ट वाटते, मोकळं होण्याची. पण त्याच वेळी काहीतरी सुटलंही. काय सुटलं हे मला माझ्या मुलीनं सांगितलं.

ती आता बारा वर्षांची आहे. कोल्हापुरात शाळेच्या खो-खो संघात होती. बदलीची बातमी दिली तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, ‘‘तिथं खो-खो आहे का?’’ मी म्हणालो, असेल की. माहीत नव्हतं, तरी म्हणालो. इथल्या तिच्या शाळेत तो नव्हता. सहा महिने ती संध्याकाळी टॅबवर गेम खेळत बसायची आणि मी शेजारच्या खोलीत ऑफिसचा ‘स्प्रिंट’ संपवत असायचो. आमच्या धंद्यात दोन आठवड्यांच्या कामाला स्प्रिंट म्हणतात. त्यात कुणी जागचं हलत नाही. याच लखनौवर प्रेमचंदांनी ‘शतरंज के खिलाड़ी’ लिहिली, राज्य जात असताना बुद्धिबळाच्या पटावरून मान वर न करणाऱ्या दोन सरदारांची. आमच्या घरात पट दोन होते, खोल्याही दोन.

शेवटी मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर कालव्यावर पळायला चल. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘बाबा, तुझ्या पळण्यात खो कुठंय?’’

मी तिला उत्तर दिलं नाही. पण नंतर विचार केला. खो-खोचे नियमही पहिल्यांदा नीट बांधले ते डेक्कन जिमखान्यानंच, १९१४ च्या सुमारास. पाठलाग करणारे आठ जण एकाआड एक तोंडं फिरवून बसलेले, नववा पळतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, उलटं फिरता येत नाही. समोरचा निसटला की बसलेल्याच्या पाठीला हात लावायचा, ‘खो’ म्हणायचं आणि त्याच्या जागी बसायचं. पळणं दुसऱ्याला देऊन टाकायचं. घुंगरं वाजली की चौकीवरचा माणूस उठायचा ना, अगदी तसंच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. दोन्ही कर्णधार आपल्याकडचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आम्ही तो टॅबवरच पाहिला, पण एका खोलीत बसून. अंतिम सामना संपल्यावर मुलगी म्हणाली, ‘‘नऊ जण लागतील फक्त.’’

नऊ जमायला फेब्रुवारी उजाडला. आमच्या कॉलनीतल्या बागेत दोन अशोकाची झाडं आहेत, ती आमचे खांब. झाडं खऱ्या खांबांपेक्षा बरीच जवळ आहेत, त्यामुळे चौकोन अरुंद झालेत आणि गुडघे एकमेकांना लागतात. मधली रेषा चुन्यानं मारली. पोरं तेलीबागेतली आणि वृंदावन योजनेतली, त्यातल्या दोघी तर आधी फक्त बघायला आल्या होत्या. खो म्हणायचा की आधी हात लावायचा, यावर रोज भांडण होतं, अवधी हिंदीत. चहाच्या टपरीवाले म्हातारे गृहस्थही एकदा येऊन कठड्यावर बसले. या वेळी त्यांनी कुणी मागे लागलंय का विचारलं नाही, कारण दिसतच होतं.

परवा एक भिडू कमी पडला म्हणून मला चौथ्या चौकोनात बसवलं. उकिडवं बसून पाय बधिर झाले होते. मागून धापा टाकल्याचा आवाज आला, पाठीवर थाप पडली, आणि मुलगी ओरडली, ‘‘खो! बाबा, ऊठ ना लवकर!’’