मधुमेहातील श्वासगंध व अंगगंध

मधुमेही व्यक्तीच्या श्वासाला, घामाला किंवा लघवीला येणारा नेहमीपेक्षा वेगळा वास. चरकसंहितेत प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारगटाच्या) पूर्वलक्षणांमध्ये अंगाच्या वासाची नोंद आहे. या वासांमागची कारणे अनेक. त्यांतला अति पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा गोडसर, उग्र वास मात्र तातडीचा इशारा असू शकतो.

हा वास अ‍ॅसिटोनचा. इन्शुलिन फारच कमी पडले की रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती पुरेशी वापरता येत नाही. मग चरबीचे विघटन वाढते आणि यकृतात तिच्यापासून कीटोन द्रव्ये तयार होतात. त्यांपैकी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटचा काही भाग आपोआप अ‍ॅसिटोन बनतो व फुप्फुसांवाटे उडून जातो. उरलेल्या आम्लांनी रक्ताची आम्लता वाढते. तिच्याशी झुंजताना रुग्ण खोल, जोराचे श्वास घेऊ लागतो; जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये वर्णिलेली ही श्वसनाची तऱ्हा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तहान, उलट्या, पोटदुखी, गुंगी ही बरोबरची लक्षणे. रक्तातील कीटोन लिटरमागे ३ मिलिमोल किंवा त्याहून अधिक असणे ही या कीटोआम्लतेची एक खूण मानतात.

डिसेंबर १९२१ मध्ये टोरंटो जनरल हॉस्पिटलात दाखल झालेल्या १४ वर्षांच्या मधुमेही लेनर्ड टॉम्पसनच्या श्वासाला हाच वास होता. ११ जानेवारी १९२२ रोजी दिलेले इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन फारसे लागू पडले नाही. जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिल्यावर त्याची साखर उतरली, लघवीतले कीटोन नाहीसे झाले. तो १९३५ पर्यंत जगला.

आजही असा वास येणारा, झोकांड्या खाणारा रुग्ण दारू प्यायलेला समजून दुर्लक्षिला जातो, तेव्हा उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. उलट, अ‍ॅसिटोनचा वास सगळ्यांच्याच नाकाला कळत नाही. वास नाही म्हणून धोका नाही असे समजू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांवर असलेल्यांना साखरेचा आकडा फारसा चढलेला नसतानाही कीटोआम्लता होऊ शकते. कडक उपवासात तो धोका वाढतो. निरोगी माणसाच्या श्वासालाही उपवासात किंचित असा वास येतो, पण ती कीटोआम्लता नव्हे.

तोंडाच्या नेहमीच्या दुर्गंधीमागे बहुधा हिरड्यांचा आजार, कोरडे तोंड किंवा बुरशी असते. साखर चढती राहिली की हिरड्या बिघडतात आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरणे अवघड जाते. मूत्रपिंडे निकामी होत आली की श्वासाला अमोनियासारखा, लघवीचा दर्प येतो. काखा, जांघा व स्तनांखालच्या घड्यांत ओलाव्याने बुरशी वाढते व वास येतो. तो वास अस्वच्छतेचा ठरवून रुग्णाला हिणवणे अन्यायाचे आहे. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर तळव्याची जखम दुखत नाही, आणि मोजा काढताना घरच्यांना आलेला वास हीच कधीकधी पहिली सूचना ठरते. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाच्या काही गोळ्यांना मासळीसारखा वास असतो. तो गोळीचा असतो, अंगाचा नव्हे.

गोडसर वास आल्यास साखरेबरोबर कीटोनही तपासावेत. उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन आपल्या मनाने कधीही बंद करू नये.