विद्यापीठांच्या दारीं विद्यार्थिनीची दाद

विद्यापीठांचे इतिहास आजवर पुष्कळ लिहिले गेले. कुलगुरूंच्या नामावळ्या, दात्यांच्या देणग्या, इमारतींच्या कोनशिला, सर्व कांहीं त्यांत सांपडतें. विद्यार्थिनीवर आवारांतच अत्याचार झाला तर तिनें कोणाच्या दारीं जावें, ह्या प्रश्नाचा इतिहास मात्र त्यांत नाहीं. तो न्यायालयांच्या दप्तरांतून वेंचावा लागतो.

अमेरिकेंतील येल विद्यापीठानें पदवीच्या वर्गांचीं दारें स्त्रियांस १९६९ सालीं उघडलीं. सरकारी द्रव्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें स्त्रीपुरुष असा भेद करूं नये, असा कायदा तेथें १९७२ सालीं झाला. १९७७ सालीं येलच्या कांहीं विद्यार्थिनींनीं ह्या कायद्याच्या आधारें विद्यापीठासच न्यायालयांत खेंचलें. देहाच्या मोबदल्यांत वरची श्रेणी देऊं केली, असा त्यांतील एकीचा अध्यापकावर आरोप होता. परंतु दावा अध्यापकावर नव्हता. तक्रार ऐकण्याची व्यवस्थाच विद्यापीठानें ठेविली नाहीं, हाच भेदभाव होय, असें त्यांचें म्हणणें. आमच्या मतें ह्या इतिहासांतील खरें वळण तें हेंच. तोंवर 'कोणीं केलें?' एवढेंच विचारलें जाई. आतां 'संस्थेनें काय केलें?' असें विचारलें जाऊं लागलें. १९८० सालीं अपिलांत त्या हरल्या. बहुतेकींच्या हातीं पदवी आली असल्यामुळें मागण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें न्यायाधीशांस वाटलें. जिचा दावा चालला तिला आरोप सिद्ध करतां आला नाहीं. तथापि श्रेणीसाठीं अशी मागणी करणें हा भेदभाव ठरूं शकतो, हें तत्त्व खालच्या न्यायालयानें आधींच मानलें होतें, आणि खटला चालू असतांनाच येलनें तक्रारींची व्यवस्थाहि केली.

पुढें १९८६ सालीं पेनसिल्व्हेनियांतील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहांत एका विद्यार्थिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. आवारांत पूर्वीं घडलेले गुन्हे आम्हांस कोणीं सांगितले नाहींत, ही तिच्या आईबापांची तक्रार. तींतून, महाविद्यालयांनीं गुन्ह्यांचे आंकडे दरवर्षीं प्रसिद्ध करावे, असा कायदा १९९० सालीं झाला. उलट १९९८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एका शाळेच्या खटल्यांत ठरविलें कीं, जबाबदार अधिकाऱ्यास प्रत्यक्ष माहिती असून त्यानें जाणूनबुजून दुर्लक्ष केलें, तरच संस्थेकडून भरपाई मिळावी. म्हणजे एक कायदा 'मोजा' म्हणतो, आणि दुसरा निकाल कानांवर हात ठेवणारास अभय देतो!

आमच्या देशांत ह्या प्रश्नास वाचा फुटली ती विद्यापीठांत नव्हे, तर राजस्थानांतील भटेरी गांवीं. बालविवाह थांबवूं पाहणाऱ्या भंवरी देवी ह्या सरकारी योजनेंतील साथिनीवर १९९२ सालीं सामूहिक बलात्कार झाला. आरोपी १९९५ सालीं त्या आरोपांतून सुटले. मात्र स्त्रीसंस्थांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं 'विशाखा' निकाल दिला. त्याची भाषा मुख्यतः मालक आणि नोकर ह्यांची. विद्यार्थिनी नोकर नव्हे, प्राध्यापक तिचा मालक नव्हे. तरी तिचें भवितव्य त्याच्या सहीवर लटकलेलें. आम्हीं अध्यापकांनीं हें आपलें सामर्थ्य कधीं मोजून पाहिलें आहे काय? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठानें १९९९ सालीं निवडलेल्या विद्यार्थी-प्रतिनिधींसह स्वतंत्र समिति स्थापिली. २०१७ सालीं ती मोडून दुसरी नेमण्यांत आली. २०१३ च्या कायद्यानें शिक्षणसंस्थाहि कामाचें ठिकाण ठरल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनीं विद्यार्थ्यांच्या प्रकरणीं समितींत तीन निवडलेले विद्यार्थी बसविले, आणि नियम मोडणाऱ्या संस्थेचें अनुदान रोखण्याचीहि सोय केली. अनुदानास धक्का लागण्याचें भय दाखविल्यावांचून विद्येच्या मंदिरांस जाग येत नाहीं, हें अमेरिकेप्रमाणें येथेंहि दिसलें.

वार्षिक अहवालांत तक्रारींची संख्या द्यावी लागते. ती 'शून्य' असली कीं चालक मंडळी समाधानानें पान उलटतात. आम्हांस त्या शून्याचीच भीति वाटते. दार कोणीं ठोठावलें नाहीं, एवढ्यावरून घरोघरीं कुशल आहे असें कसें मानावें?

२०१५ च्या नियमांत एक लहानसें कलम आहे. चौकशी चालू असतां, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यास तक्रारदार विद्यार्थिनीची परीक्षा वा कामगिरी तपासण्यापासून दूर ठेवतां येतें. येलच्या त्या मुलीचें गाऱ्हाणें श्रेणीचेंच होतें.