बंदिवानांची गिनती

पुण्याहून नाशिककडे जातांना मोशी मागें पडली कीं चाकणच्या अलीकडे कुरुळी हें गांव लागतें. एके काळीं केवळ शेतीवर जगणाऱ्या ह्या पट्ट्यांत आतां मोटारी व मोटारींचे सुटे भाग करणारे कारखाने उभे आहेत, आणि रात्रीं त्यांच्या भिंतींच्या कडेनें पहारेकरी फेरी घालीत असतो. पूर्वींच्या पहारेकऱ्याच्या हातीं काठी व कंदील असे. आजच्याच्या हातीं पुष्कळदां एक मोबाइल असतो. भिंतीवर ठराविक अंतरानें लावलेल्या खुणेसमोर त्यानें तो धरला कीं अमुक मनुष्य अमुक जागीं अमुक वाजतां हजर होता, अशी नोंद आपोआप होते. ठिपक्यांची ती चौकोनी खूण, जिला क्यूआर कोड म्हणतात, ती १९९४ सालीं जपानांत डेन्सो ह्या मोटारींचे भाग बनविणाऱ्या उद्योगांत मासाहिरो हारा ह्या अभियंत्यानें सहकाऱ्यांसह तयार केली. कारखान्यांतील सुट्या भागांचा हिशेब चटकन लागावा एवढाच तिचा मूळ हेतु होता. तीच खूण, किंवा तिच्या जातीची दुसरी एखादी, आज अमेरिकेंतील कित्येक तुरुंगांत कोठडीच्या दारावर किंवा बंदिवानाच्या मनगटावरील पट्टीवर असते, आणि शिपायाला फेरीच्या वेळीं ती आपल्या हातांतील यंत्रानें वाचावी लागते. यंत्राचा भाग मोजण्याकरितां निघालेलें साधन अशा रीतीनें माणूस मोजूं लागलें. साधन नवें आहे खरें. पण ज्या अविश्वासांतून तें जन्मलें तो फार जुना आहे, आणि त्याचा आपल्याकडील इतिहास कुरुळीपासून फार लांब शोधावयास नको. येरवडा येथून जवळच आहे.

पेशवाईंत बंदिवानांस बहुधा किल्ल्यांवर ठेवीत. पेशव्यांच्या रोजनिशींत त्यांच्या शिध्याविषयीं व बेड्यांविषयीं नोंदी आढळतात. परंतु त्या मुख्यतः सरकारी खर्चाच्या व हुकुमांच्या नोंदी होत. आजच्या अर्थाची गिनती इंग्रजी अमदानींत आली. मेकॉलेच्या प्रेरणेनें नेमलेल्या समितीनें १८३८ सालीं आपला अहवाल दिला. बेड्या घातलेल्या बंदिवानांच्या टोळ्यांकडून बाहेर रस्ते बांधवून घेण्याची जी रीत होती ती तिला मुळींच रुचली नाहीं. त्यांना उंच भिंतींच्या आंत, सतत नजरेखालीं व कडक शिस्तींत ठेवावें, असा तिचा कल होता. येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग १८७१ सालीं उभा राहिला तो ह्याच विचाराची परिणति म्हणून.

अशा तुरुंगाच्या दिनक्रमाचे दोन खांब म्हणजे सकाळची उघडणी व संध्याकाळची बंदी. आणि दोहोंना जोडणारी गिनती. बंदिवान जोडीजोडीनें ओळींत बसावयाचे, शिपायानें ओळीवरून मोजीत जावयाचें, प्रत्येक बराकीचा आंकडा दरवाज्याकडे पोंचावयाचा, आणि सर्वांची बेरीज वहींतील आंकड्याशीं जुळेपर्यंत कोणींही जागचें हलावयाचें नाहीं. ज्यांनीं ज्यांनीं आपल्या तुरुंगवासाच्या आठवणी लिहिल्या त्यांच्या लिखाणांत ही गिनती कोठें ना कोठें येतेच. रात्रीं बराकीच्या आंत फिरून माणसें मोजण्याचें काम पुष्कळदां शिक्षा भोगणाऱ्या बंदिवानांपैकींच निवडलेल्या रखवालदारांकडे असे, आणि ते मोठ्यानें ओरडून आंकडा व कुशल बाहेरच्या पहाऱ्याला कळवीत. आपल्या भाषेंत 'आलबेल' हा जो शब्द रूढ झाला आहे तो 'ऑल इज वेल' ह्या अशाच इंग्रजी आरोळीचा अपभ्रंश. शब्दाची ही व्युत्पत्ति मला नेहमीं बोलकी वाटत आली आहे. 'सर्व कांहीं ठीक आहे' हें ओरडून सांगण्याचें कर्तव्य ज्याच्यावर असे, तें ठीक आहे कीं नाहीं हें पाहण्याचें कर्तव्य त्याच्यावर कितपत असे, हा प्रश्न त्या आरोळींतच दडलेला आहे.

कारण ही गिनती मूलतः एकाच प्रश्नाचें उत्तर देते: कोणी पळालें तर नाहीं ना? २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील आपल्या सहकाऱ्यांसह सांगलीच्या तुरुंगांतून निसटले, तेव्हां आंकडा चुकला तो ह्या अर्थानें. परंतु बंदिवान आजारी आहे, मार खाऊन पडला आहे, किंबहुना त्याचा श्वास थांबला आहे, तरी गिनती बरोबरच येते. निजलेला व मेलेला यांत आंकड्याच्या दृष्टीनें कांहींच भेद नसतो.

हा भेद सरकारच्या लक्षांत आला तो दयेपेक्षां मृत्युसंख्येमुळें. १८६४ सालीं नेमलेल्या दुसऱ्या समितीपुढें, मागील दहा वर्षांत सेहेचाळीस हजारांहून अधिक बंदिवान तुरुंगांत मरण पावले, असा आंकडा होता. त्यानंतर माणशीं जागा, अन्न, वस्त्र व वैद्यकीय देखरेख यांची चर्चा सुरू झाली, आणि १८९४ च्या तुरुंग कायद्यांत एक असें कलम आलें कीं जें वाचून आजही थांबावेंसें वाटतें. त्या कायद्याचें २९ वें कलम म्हणतें कीं, ज्या कोठडींतून बंदिवानाला तुरुंगाच्या अंमलदाराशीं केव्हांही संपर्क साधतां येईल अशी सोय नाहीं, ती कोठडी एकांतवासासाठीं वापरूं नये. आणि जो बंदिवान चोवीस तासांहून अधिक काळ एकट्या कोठडींत असेल त्याला वैद्यकीय अधिकाऱ्यानें किंवा त्याच्या हाताखालच्या मनुष्यानें दिवसांतून निदान एकदां भेटलें पाहिजे. येथें 'मोजावें' असें म्हटलेलें नाहीं. 'भेटावें' असें म्हटलें आहे. चिंचवडच्या दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यांत फांशीं दिलें, तेव्हां हा कायदा चार वर्षांचा होता. तो कायदा करणारें सरकार कोमल मनाचें नव्हतें हें निराळें सांगावयास नको. तरीही 'गिनती' आणि 'भेट' ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढें त्याला कळलें होतें.

भेट खरोखर झाली कीं नाहीं हें ठरवावें कसें? येथें यंत्राची कथा सुरू होते. इंग्लंडांत डर्बी येथील जॉन व्हाइटहर्स्ट ह्या घड्याळजीनें अठराव्या शतकांतच पहारेकऱ्याचें घड्याळ केलें होतें. तबकडीभोंवतीं खुंट्या असत, आणि पहारेकऱ्यानें वेळच्या वेळीं येऊन खुंटी दाबली नाहीं तर ती उभी राहून सकाळीं चुगली करीत असे. पुढें १८५५ मध्यें जर्मनींत योहानेस ब्यूर्क यानें बरोबर नेतां येईल असें घड्याळ बनविलें. ह्या जातीच्या घड्याळांची युक्ति मोठी मौजेची आहे: घड्याळ पहारेकऱ्याच्या गळ्यांत, आणि किल्ल्या जागोजागीं भिंतीला साखळीनें जखडलेल्या. प्रत्येक किल्ली घड्याळांत फिरविली कीं आंतील कागदावर तिचा निराळा ठसा उमटे. साखळी कशाकरितां, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. साखळी नसती तर सगळ्या किल्ल्या एका खुर्चीजवळ जमा व्हावयास वेळ लागला नसता. आजच्या क्यूआर खुणेचीं छायाचित्रें काढून तीं टेबलावर बसून वाचणें ही त्याच कलेची नवी आवृत्ति होय. म्हणून तुरुंगांत कागदी खुणेऐवजीं दाराच्या चौकटींत पक्की बसविलेली, जवळ गेल्यावांचून वाचतां न येणारी चकती वापरणें अधिक भरंवशाचें ठरतें.

ह्या साधनांना अमेरिकेंत जोर आला तो दोन मृत्यूंमुळें. जुलै १९१५ नव्हे, २०१५ मधील गोष्ट; शंभर वर्षांपूर्वींची वाटावी अशी आहे म्हणून मुद्दाम सांगतों. सॅन्ड्रा ब्लॅन्ड ही तरुण स्त्री वाहतुकीच्या एका किरकोळ कारणावरून थांबविली गेली, अटक झाली, आणि टेक्सासमधील वॉलर परगण्याच्या तुरुंगांत तीन दिवसांनीं कोठडींत गळफास लागलेल्या स्थितींत सांपडली. दर तासाला प्रत्येक बंदिवानाला समोरासमोर पाहण्याचा जो नियम होता तो तेथें पाळला गेला नव्हता, असें तपासणींत आढळलें. तिच्या नांवानें २०१७ सालीं झालेल्या कायद्यानें, ज्यांच्या जिवाला धोका संभवतो अशांच्या कोठड्यांची तपासणी वेळेवर व प्रत्यक्ष होते कीं नाहीं हें टिपणारीं विद्युत्साधनें बसविण्याचें ठरविलें. दुसरा मृत्यु जेफ्री एपस्टीन ह्या धनिकाचा, ऑगस्ट २०१९ मध्यें, न्यूयॉर्कच्या तुरुंगांत. त्या रात्रीं दर अर्ध्या तासाची फेरी व ठरलेल्या गिनत्या झाल्याच नाहींत. पण झाल्या अशा सह्या मात्र कागदावर होत्या. दोघां पहारेकऱ्यांनीं पुढें नोंदी खोट्या असल्याचें कबूल केलें. आलबेल!

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा आहे. येरवड्याची ठरलेली जागा सुमारें अडीच हजार माणसांची. प्रत्यक्षांत बंदिवान कित्येक वर्षें त्याच्या दुपटीहून अधिक राहिले आहेत. देशांतील बंदिवानांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश अद्याप दोषी ठरलेलेच नाहींत. ई-प्रिझन्स नांवाची संगणकीय पद्धति देशांतील तुरुंगांत आली आहे. तींत प्रवेश, न्यायालयाच्या तारखा, मुलाखती, सुटका इत्यादींची नोंद राहते, आणि हें काम लहान नव्हे. जामीन मिळूनही कागद न पोंचल्यानें आंत राहिलेल्या मनुष्याला तें विचारावें. परंतु बराकींतील रात्रीचें काय? जून २०१२ मध्यें येरवड्याच्या अंडा विभागांत, म्हणजे जेथें पहारा सर्वांत कडक असावयाचा तेथें, एका कच्च्या बंदिवानाचा गळा आवळून खून झाला. गिनतीच्या दृष्टीनें त्या क्षणीं कोणीही कमी नव्हतें.

अशा ठिकाणीं दारावरची चकती उपयोगी पडेल काय? थोडी पडेल, असें माझें मत आहे. ती वेळेच्या बाबतींत खोटें बोलत नाहीं. दोन वाजतां शिपाई तेथें नव्हता तर नव्हता असेंच ती सांगेल, आणि ज्याच्यावर उगाच ठपका येतो अशा प्रामाणिक शिपायालाही तिचा आधार होईल. पण चकतीला यंत्र लावून आंत न पाहतांच पुढें जातां येतें. शिवाय एकट्या मनुष्यावर शेंकडों बंदिवान सोंपविले असतां यंत्र त्याच्या पायांचा वेग वाढवील, डोळ्यांचा नव्हे. येरवड्यांतच गांधीजी असतांना जानेवारी १९२४ मध्यें त्यांच्या पोटांतील दुखणें वेळींच ओळखलें गेलें, त्यांना ससून रुग्णालयांत नेऊन कर्नल मॅडॉक यांनीं १२ तारखेच्या रात्रीं शस्त्रक्रिया केली, आणि मध्येंच दिवे गेले तेव्हां ती कंदिलाच्या उजेडांत पुरी झाली. त्या कोठडीच्या दारावर कसलीही चकती नव्हती. पण त्या बंदिवानाकडे साऱ्या जगाचे डोळे होते. ज्याच्याकडे कोणाचेच डोळे नाहींत त्याच्याकरितां नोंद हवी, आणि ती नोंद भिंतीबाहेरच्या कोणीतरी वाचावयास हवी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें डिसेंबर १९९३ मध्यें, कोठडींतील प्रत्येक मृत्यु चोवीस तासांच्या आंत आपणांस कळवावा, असें फर्मावलें तें ह्याच विचारानें. मात्र तें वाचन मृत्यूनंतरचें आहे. रात्रीच्या फेऱ्यांची नोंद, ती यंत्राची असो वा वहींतील, जिल्हा न्यायाधीशांपुढें किंवा तुरुंगाच्या बिनसरकारी अभ्यागतांपुढें नियमानें ठेवली जाईल, तर तिला कांहीं अर्थ येईल. अधीक्षकाच्या कपाटांत राहिली तर ती केवळ शिपायावरचा पहारा ठरेल.

जून २०१७ मध्यें मुंबईच्या भायखळा येथील स्त्रियांच्या तुरुंगांत घडलेलें प्रकरण वाचकांस आठवत असेल. येरवड्याहून तेथें आणलेली, शिक्षा भोगतां भोगतां वॉर्डरचें काम करणारी एक स्त्री. सकाळच्या वाटपांत दोन अंडीं व पांच पाव कमी भरले, त्यावरून तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांनीं तिला मारहाण केली, असा आरोप झाला. त्याच दिवशीं ती मरण पावली आणि सहा कर्मचाऱ्यांस अटक झाली. अंडीं व पाव मोजले गेले होते. बराकींतल्या बायकाही बंदीच्या वेळीं मोजल्या गेल्या असतीलच. काय घडलें हें बाहेर आलें तें मात्र कोणत्याही वहींतून नव्हे, तर तिच्याबरोबर राहणाऱ्या त्या बंदिवान बायकांच्या तोंडून.