कर्ण्याची रचना : चावीच्या फोनोपासून चामराजपेटच्या मंडपापर्यंत

बंगळुरू शहरातील चामराजपेट ही १८९२ मध्ये वसविण्यात आलेली वसाहत. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला देण्यात आले. येथील फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव भरू लागला आणि शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात या पेठेचे नाव दूरवर पोहोचले. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ मध्ये ही संस्था स्थापन केली. राजदरबाराच्या दिवाणखान्यात किंवा देवळाच्या सभामंडपात शे-दोनशे श्रोत्यांपुढे होणारे गायन खुल्या मैदानावरील मंडपात आणणे त्या काळी शक्य झाले, त्यामागे एक साधे दिसणारे साधन होते. मराठीत त्याला कर्णा किंवा भोंगा म्हणतात.

कर्णा हा शब्द मराठीत फार जुना आहे. देवळापुढे किंवा मिरवणुकीत फुंकल्या जाणाऱ्या लांब धातूच्या वाद्याला हे नाव होते. पुढे ते फोनोच्या तोंडाला लागले आणि त्यानंतर विजेच्या ध्वनिक्षेपकाला. या तिन्ही वस्तूंमागील भौतिकी एकच असल्याने शब्दाचा हा प्रवास शास्त्रीयदृष्ट्याही योग्यच म्हणावा लागेल.

कर्णा आवाज कसा वाढवतो ?

कर्णा स्वतः कोणतीही ऊर्जा निर्माण करीत नाही. चावीच्या फोनोत तबकडीच्या खाचेतून फिरणारी सुई अभ्रकाच्या एका लहान पडद्याला कंप देते. पडद्यापाशी ऊर्जा असते, पण ती हवेत उतरत नाही. पडदा जड आणि हवा विरळ असल्याने पडदा पुढे येताच समोरची हवा बाजूला सरकते, दाबली जात नाही. हाच पडदा अरुंद नळीच्या तोंडाशी बसविला तर पिचकारीच्या दट्ट्यापुढील पाण्याप्रमाणे हवेला बाजूला जाण्यास वाव राहत नाही. ती दाबली जाते आणि पडद्याला खरे काम करावे लागते. नळी नुसतीच सरळ असेल तर दुसऱ्या टोकाशी, बाहेरच्या मोकळ्या हवेत, पुन्हा तीच अडचण उभी राहते आणि बराचसा ध्वनी परावर्तित होऊन नळीतच मागे फिरतो. म्हणून नळी हळूहळू रुंद करीत न्यायची. अरुंद घशाशी दाब जास्त आणि हालचाल कमी, तर रुंद मुखाशी दाब कमी आणि हालचाल मोठ्या क्षेत्रावर पसरलेली. विजेच्या क्षेत्रात रोहित्र जे काम करते, तेच ध्वनीच्या क्षेत्रात कर्णा करतो.

नळी रुंद कशी करायची, हा रचनेतील कळीचा प्रश्न होता. थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे एकस्व घेतले. त्यानंतरची जवळजवळ चार दशके कर्णे अनुभवाने आणि अंदाजाने बनत होते. सुरुवातीचे कर्णे सरळ शंकूच्या आकाराचे असत. पुढे फुलाच्या पाकळ्यांसारखे पत्रे जोडून केलेले मोठे कर्णे आले. ते दिसायला देखणे होते, पण त्यांचा आकार ठरविताना कानापेक्षा दिवाणखान्याच्या सजावटीचा विचार अधिक झाला होता, असे म्हणण्यास वाव आहे.

कर्ण्याच्या दिमाखाचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने निपर नावाचा कुत्रा एडिसन पद्धतीच्या फोनोग्राफसमोर बसलेला रंगविला होता. यंत्राचा काळा कर्णा चित्रात उठून दिसेना, म्हणून पितळी कर्णा उसना मागण्यास तो १८९९ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. चित्रातील यंत्र बदलून कंपनीचा ग्रामोफोन दाखविल्यास चित्रच विकत घेऊ, असे कंपनीने त्याला सांगितले. हिंदुस्थानात घरोघर ‘कुत्रा छाप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मुद्रेचा जन्म अशा रीतीने एका कर्ण्याच्या शोधातून झाला.

गणित उशिरा आले

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर गॉर्डन वेबस्टर यांचा कर्ण्याच्या सिद्धांतावरील निबंध १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्वनीच्या वहनाला होणाऱ्या विरोधाची कल्पना त्यात मांडलेली होती. १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन यांनी ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यांची रचना तपशिलाने मांडली. त्यातून घातांकी कर्ण्याला मान्यता मिळाली. या कर्ण्यात ठराविक अंतर पुढे गेले की छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट होते, तेवढेच अंतर आणखी गेले की पुन्हा दुप्पट होते.

प्रत्येक घातांकी कर्ण्याला एक खालची मर्यादा असते. त्या कंपनसंख्येखालील स्वर कर्ण्यातून जवळजवळ बाहेर पडत नाहीत. मर्यादा जितकी खाली न्यायची, तितके रुंदीकरण सावकाश करावे लागते, आणि मुखाचा परीघ त्या स्वराच्या तरंगलांबीएवढा तरी ठेवावा लागतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३.४३ मीटर येते. मुखाचा व्यास सुमारे १०९ सेंटिमीटर हवा. क्षेत्रफळ दर १९ सेंटिमीटरला दुप्पट व्हायला हवे. घसा सव्वा सेंटिमीटरचा असेल तर कर्ण्याची लांबी जवळपास २.४ मीटर भरते. याउलट ३०० हर्ट्झवर समाधान मानले तर सुमारे ३६ सेंटिमीटर व्यासाचे मुख आणि ६१ सेंटिमीटर लांबी पुरते.

या दोन आकड्यांत कर्ण्याचा बहुतेक इतिहास सामावला आहे. पहिला कर्णा घरात मावत नाही. दुसरा कर्णा खांबावर चढतो, पण त्यातून खर्ज ऐकू येत नाही.

घरात मावण्यासाठी एकच उपाय होता, तो म्हणजे कर्णा दुमडणे. एल्ड्रिज जॉन्सन यांच्या व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये कर्णा लाकडी पेटीच्या आत नेला. परंतु त्या वेळी हेतू मुख्यतः शोभेचा होता. १९२५ मध्ये आलेल्या ‘ऑर्थोफोनिक’ व्हिक्ट्रोलात मात्र टेलिफोन अभियंत्यांचे गणित वापरून लांब घातांकी कर्णा घड्या घालून पेटीत बसविला होता. मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांच्या या रचनेत विजेचा वापर न करता सुमारे १०० ते ५,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर उमटत.

ज्या कर्ण्यात गायक गात होते

कर्ण्याची दुसरी बाजू भारतीय संगीताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्याच्या रुंद मुखात गात असे आणि अरुंद टोकाशी बसविलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरत असे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन याच पद्धतीने मुद्रित केले. तबकडीच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारत. मुद्रित मेण जर्मनीतील हॅनोव्हरला जाई आणि तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता. गौहर जान अखेरच्या काळात म्हैसूर दरबारच्या आश्रयाला होत्या. तेथेच जानेवारी १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

या पद्धतीत साधारण २०० ते २,००० हर्ट्झमधील ध्वनीच पकडला जाई. तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याचा घुमारा, सारंगीची झार यांतील बरेचसे तबकडीवर पोहोचतच नसे. गायकाला तोंड कर्ण्याजवळ ठेवून खड्या आवाजात गावे लागे आणि जोरकस तानेच्या वेळी मागे सरकावे लागे, अन्यथा सुई खाच ओलांडून जाई. शिवाय प्रत्येक कर्ण्याला स्वतःचे काही घुमणारे स्वर असत. ते गायकाच्या स्वरात मिसळत. त्या काळचे गवई किनऱ्या, अनुनासिक आवाजात गात असत असा एक समज जुन्या तबकड्या ऐकून रूढ झाला आहे. त्यातील गायकाचा भाग किती आणि कर्ण्याचा किती, हे वेगळे केल्याशिवाय त्या पिढीच्या गायकीविषयी निर्णय देणे धाडसाचे ठरते. जुन्या तबकड्यांचे संगणकीय रूपांतर करणाऱ्या तंत्रज्ञांपुढे कर्ण्याचे हे घुमणे ओळखून कमी करण्याचे काम असते. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या संग्राहकांमुळे मराठी नाट्यसंगीतासह अशा अनेक तबकड्या अभ्यासासाठी उपलब्ध राहिल्या.

ध्वनिमुद्रणाच्या गरजेतून वाद्यांनाही कर्णे लागले. ऑगस्टस स्ट्रो यांनी १८९९ मध्ये एकस्व घेतलेल्या व्हायोलिनला लाकडी पेटीऐवजी पडदा आणि धातूचा कर्णा होता. म्हैसूरचे टी. चौडय्या यांनी वेगळी वाट धरली. ध्वनिक्षेपक नसलेल्या मोठ्या सभागृहात साथीचे व्हायोलिन मागच्या रांगांना ऐकू येत नसे. म्हणून १९२० च्या दशकात त्यांनी सप्तकाच्या अंतराने जोडीच्या तारा चढवून सात तारांचे व्हायोलिन सिद्ध केले. मराठी रंगभूमीवर तर दूरवर पोहोचणारा आवाज हीच गायक नटाची पहिली पात्रता होती. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात बालगंधर्व आणि केशवराव भोसले गायले ते केवळ गळ्याच्या बळावर.

सभा आणि कर्णे

पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियात १९१५ मध्ये आपल्या विद्युत यंत्राला फोनोग्राफचाच कर्णा जोडून पाहिला होता. त्यांच्या ‘मॅग्नाव्हॉक्स’ कर्ण्यांतून १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन डिएगो येथे अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण सुमारे ५० हजार श्रोत्यांनी ऐकले.

भारतात हे काम प्रामुख्याने ज्ञानचंद मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने केले. सिंधमध्ये सुरू झालेला हा व्यवसाय पुढे मुंबईत स्थिरावला. ज्ञानचंदांचे पुत्र नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविण्यास आरंभ केला. १९३१ च्या कराची अधिवेशनात त्यांची यंत्रणा होती. महात्मा गांधींचा आवाज मुळात क्षीण. तोपर्यंत मोठ्या सभेत त्यांचे शब्द ठिकठिकाणी उभे राहिलेले कार्यकर्ते पुढे पुढे सांगत असत. त्या काळच्या छायाचित्रांत नेत्यांसमोरील मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे दिसतात. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओ खटल्यात उषा मेहता यांच्यासह नानिक मोटवाने यांच्यावरही आरोप ठेवण्यात आला होता. न्यायालयाने मोटवाने यांना निर्दोष सोडले.

त्या काळी कर्णाच का, याचे उत्तर कार्यक्षमतेत आहे. उघड्या कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक विजेच्या शक्तीपैकी एक-दोन टक्केच ध्वनीत रूपांतरित करतो. चांगल्या कर्ण्यात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे जाते. वेंट आणि थुरस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपटांसाठी केलेल्या यंत्रात ते ५० टक्क्यांच्या आसपास गेले. निर्वात नळ्यांचे प्रवर्धक मोजक्या वॅटचे असताना मैदान भरून टाकण्याचा दुसरा मार्ग नव्हता. बंगळुरूत १९०५ पासून रस्त्यांवर वीज होती, पण वीज असणे आणि मोठा प्रवर्धक परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

मंडपातील अडचणी

खांबावरील नेहमीचा भोंगा म्हणजे ३०० हर्ट्झच्या आसपास मर्यादा असलेला, स्वतःवरच दुमडलेला कर्णा. बाहेरून जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट-तिप्पट वाट ध्वनी आत चालतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर १०० ते १५० हर्ट्झचा असतो, म्हणजे तो या भोंग्यातून बाहेर पडतच नाही. तरीही शब्द कळतात, कारण वरच्या अंशस्वरांवरून मेंदू मूळ स्वर भरून काढतो. भाषणाला हे चालते. संगीतात मात्र मंद्र सप्तक, मृदंगाची डावी बाजू आणि तंबोरा यांचा बळी जातो.

दुसरी अडचण दिशेची. उंच स्वर कर्ण्याच्या समोर झोतासारखे जातात आणि बाजूच्या श्रोत्याला आवाज बोथट ऐकू येतो. अनेक लहान कर्णे पंख्यासारखे जोडून हा झोत पसरविण्याची पद्धत बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात वापरली. तिसरी अडचण वेळेची आहे आणि लयीच्या संगीतात ती सर्वांत त्रासदायक. ध्वनीला ३४ मीटर जाण्यास एक दशांश सेकंद लागतो. मंडपाच्या दोन टोकांना कर्णे लावले तर मधल्या श्रोत्याला जवळचा ठोका आधी आणि दूरचा नंतर ऐकू येतो. द्रुत लयीत तो चक्क पुढच्या मात्रेच्या वाटेवर असतो. दूरचे कर्णे ठराविक विलंबाने बोलविणारी विद्युत यंत्रणा सोयीची होईपर्यंत सर्व कर्णे व्यासपीठाजवळ ठेवणे किंवा दूरच्या कर्ण्यांचा आवाज बेताचा ठेवणे, एवढेच उपाय होते.

पंख्यांसारखे कागदी शंकू आणि शक्तिशाली प्रवर्धक आल्यावर संगीतसभांतून संपूर्ण कर्ण्यांची यंत्रणा मागे पडली. तथापि उंच स्वरांसाठी कर्णा आजही वापरात आहे. मोठ्या मैफलींत टांगल्या जाणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या लांब माळांमध्ये तो जाळीमागे दडलेला असतो. अॅल्युमिनियमचा भोंगा रेल्वे स्थानके, प्रार्थनास्थळे आणि प्रचाराच्या वाहनांवर टिकून राहिला.

जुन्या बाजारांत मिळणाऱ्या चकचकीत पितळी कर्ण्यांच्या ग्रामोफोनविषयी येथे सांगणे आवश्यक आहे. त्यांतील पुष्कळ यंत्रे हलक्या प्रवासी फोनोचे सुटे भाग आणि नव्याने ठोकलेला कर्णा जोडून केलेली असतात. कर्ण्याचा घसा आणि ध्वनिपेटीची नळी यांचा व्यास जुळत नसेल, मध्ये एकदम पायरी लागत असेल, तर यंत्र जोडकाम आहे असा संशय घ्यावा. अशा पायरीवरून ध्वनी मागे परततो, त्यामुळे मोठा कर्णा असूनही आवाज पातळ येतो.

कर्ण्याची कार्यक्षमता हीच शेजाऱ्यांची तक्रार ठरली. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई असून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात या वेळेच्या बंधनावर भर दिला. उत्सवांसाठी राज्य सरकारांना वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देता येते. तंत्राच्या दृष्टीने पाहता, उंच खांबावर आडवा रोखलेला एक मोठा भोंगा लावण्याऐवजी श्रोत्यांच्या डोक्यांकडे खाली झुकविलेले अनेक लहान कर्णे मंद आवाजात लावल्यास मंडपात शब्द अधिक स्पष्ट होतात आणि कुंपणाबाहेर जाणारा ध्वनीही कमी होतो.