पवनचक्की देवगडची, भाव ठरतो कुठे? ‘ऊर्जा बाजाराचं अर्थशास्त्र’ शिकतात म्हणजे नेमकं काय शिकतात?

सिंधुदुर्गातलं जामसंडे आणि देवगड ही एकमेकांना लागून असलेली गावं. दोघांची नगरपंचायतही एकच. बाहेरच्यांना हा भाग दोन गोष्टींमुळे माहीत असतो: हापूस आंबा आणि समुद्राकाठच्या पवनचक्क्या. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने देशाच्या किनाऱ्यावर निवडक ठिकाणी प्रात्यक्षिक पवन प्रकल्प उभारले, त्यात देवगडचाही समावेश होता. आज पर्यटक तिथे फोटो काढायला जातात.

पण या पवनचक्क्या एक साधा प्रश्नही विचारायला लावतात. वारा फुकट आहे, मग वीज फुकट का नाही? आणि तिचा भाव ठरवतं कोण?

याची उत्तरं शोधणारी अर्थशास्त्राची शाखा म्हणजे ऊर्जा बाजाराचं अर्थशास्त्र. बारावीनंतर ‘अर्थशास्त्र घेऊन करायचं काय?’ असं विचारणाऱ्या अनेकांना ही शाखा माहीतच नसते.

वीज हा आंब्यासारखाच माल आहे का?

काही बाबतीत आहे. हंगामाच्या सुरुवातीला वाशीच्या बाजारात पोहोचलेल्या हापूसच्या पेटीला जो भाव मिळतो, तो मे महिन्यात मिळत नाही. झाड तेच, आंबा तोच; बदलते ती वेळ. विजेचंही तसंच आहे. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते तेव्हा वीज स्वस्त असते. संध्याकाळी सूर्य मावळतो, घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात आणि तीच वीज महाग होते.

फरक साठवणीचा आहे. आंबा अढीत घालून काही दिवस थांबता येतं. विजेच्या बाबतीत जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती त्या क्षणी व्हावी लागते. हा तोल बिघडला की ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झपासून ढळते. बॅटरी आणि धरणातलं पाणी वर चढवून ठेवणारे उदंचन प्रकल्प थोडी साठवण करतात, पण ती महाग आणि मर्यादित आहे. या एका अडचणीमुळे विजेचा बाजार इतर बाजारांपेक्षा वेगळा ठरतो.

भाव ठरतो कसा?

अभ्यासक्रमात सुरुवातीलाच शिकवली जाणारी कल्पना म्हणजे ‘मेरिट ऑर्डर’. स्वस्त विजेपासून महाग विजेपर्यंत सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि मागणी पूर्ण होईपर्यंत पुढून एकेकाला घ्यायचं. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पाहू.

दुपारी १०० मेगावॉट वीज हवी आहे. रांगेत असे विक्रेते आहेत:

- पवनऊर्जा: २० मेगावॉट, जवळपास शून्य इंधनखर्च
- कोळशाचं नवं केंद्र: ५० मेगावॉट, युनिटला ३ रुपये
- कोळशाचं जुनं केंद्र: ४० मेगावॉट, युनिटला ४.५० रुपये
- गॅसचं केंद्र: ३० मेगावॉट, युनिटला ९ रुपये

पहिल्या दोघांकडून ७० मेगावॉट मिळाले. उरलेले ३० जुन्या केंद्राकडून घेतले. शेवटचा घेतलेला विक्रेता ४.५० रुपयांचा, म्हणून बाजारभाव ४.५० रुपये. हाच भाव पवनऊर्जेलाही मिळतो.

आता संध्याकाळ झाली. वारा पडला आणि पवनऊर्जा ५ मेगावॉटवर आली. मागणी १२० वर गेली. कोळशाची दोन्ही केंद्रं पूर्ण चालवूनही ९५ मेगावॉटच होतात. उरलेल्या २५ साठी गॅस लागणार. भाव थेट ९ रुपये! मागणी पाचव्या हिश्शाने वाढली, भाव दुप्पट झाला.

भारतात हा बाजार प्रत्यक्षात भरतो. इंडियन एनर्जी एक्स्चेंज हा वीज बाजारमंच जून २००८ मध्ये सुरू झाला. तिथे उद्याच्या विजेची बोली आज लागते. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा निघतो. जून २०२० पासून ऐनवेळच्या खरेदीसाठी ‘रिअल टाइम मार्केट’ही आहे. भाव हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून केंद्रीय वीज नियामक आयोगाने कमाल मर्यादा घातली आहे. एप्रिल २०२२ मध्ये ती २० रुपयांवरून १२ वर आली आणि पुढच्या वर्षी १० रुपयांवर.

मग वारा फुकट असून वीज फुकट का नाही?

कारण खर्चाचे दोन भाग असतात: यंत्र उभारण्याचा आणि यंत्र चालवण्याचा. पवनचक्कीत दुसरा भाग नगण्य असतो, पण पहिला मोठा आणि आधीच करावा लागणारा.

देशातल्या सुरुवातीच्या पवन प्रकल्पांत ५५ किलोवॉटची यंत्रं होती. असं यंत्र २४ तास पूर्ण क्षमतेने चाललं तर १,३२० युनिट वीज होईल. पण वारा असा वाहत नाही. सरासरी २० टक्केच क्षमता वापरली गेली असं धरलं, तर हाती येतात २६४ युनिट. यंत्राचं कर्ज आणि व्याज मात्र पूर्ण यंत्राचं फेडायचं असतं. म्हणून गुंतवणूकदाराला आधी हमी हवी असते की वीज कोण, किती वर्षं आणि कोणत्या भावाने घेणार. ही हमी म्हणजे वीज खरेदी करार. देशातली बहुतेक वीज आजही अशा दीर्घकालीन करारांतूनच विकली जाते.

करार चुकला तर काय होतं?

याचं उत्तर कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प, म्हणजेच ‘एन्रॉन’.

१९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीज खरेदी करार केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचं सांगत कर्ज नाकारलं होतं. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं, करार रद्द झाला आणि फेरवाटाघाटी होऊन पुन्हा जिवंत झाला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला.

मंडळाने कमी वीज घेतली तरी क्षमतेचा आकार भरावाच लागणार होता. देणं डॉलरशी जोडलेलं होतं, त्यामुळे रुपया घसरला की बोजा वाढायचा. इंधन महागलं तर तोही खर्च मंडळाच्याच माथी. कमी वापर, घसरता रुपया आणि महाग इंधन या तिन्ही गोष्टी एकदम आल्या. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून प्रकल्प तिच्याकडे देण्यात आला.

या वादात पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचे गिरीश संत आणि शंतनु दीक्षित यांनी कराराचं आर्थिक विश्लेषण लोकांसमोर मांडलं. एरवी चर्चा ‘विकास हवा की नको’ इथेच अडकली असती. त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता: जोखीम नेमकी कोणाच्या डोक्यावर आहे? ऊर्जा अर्थशास्त्राचा विद्यार्थी मुख्यतः हाच प्रश्न विचारायला शिकतो.

अभ्यासात काय असतं, आणि तो कुठे करता येतो?

सूक्ष्म अर्थशास्त्र, सांख्यिकी, अर्थमिती हा पाया. त्यावर बाजाररचना, लिलाव, दरनिश्चिती, वायू आणि तेलाचे बाजार, कार्बनची किंमत आणि विद्युत कायदा २००३ सारखे कायदे.

पदवीपासूनच हा विषय निवडावा लागतो असं नाही. सिंधुदुर्गातली पारंपरिक महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे अर्थशास्त्र घेऊन सुरुवात करता येते. पुढे मुंबईच्या गोरेगावातली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, दिल्लीचं टेरी स्कूल ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज असे पर्याय आहेत. अभियांत्रिकीकडून येणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईत ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकी विभाग आहे. यातल्या बऱ्याच ठिकाणी गणित पक्कं लागतं. ‘आर्ट्स घेतलं, गणित सुटलं’ असं मानणाऱ्यांची अडचण इथेच होते.

कामाच्या जागाही वेगवेगळ्या आहेत: वीज नियामक आयोग, वितरण कंपन्यांचे वीज खरेदी विभाग, बाजारमंच, सल्लागार संस्था, संशोधन संस्था. राज्याची वीज क्षणाक्षणाला जिथून तोलली जाते, ते भारप्रेषण केंद्र ऐरोलीत आहे. देवगडचा आंबा जिथे विकला जातो, त्या वाशीपासून फार लांब नाही.

घरबसल्या सुरुवात कशी करायची?

पहिलं पाठ्यपुस्तक घरातच आहे: विजेचं बिल. त्यातला ‘स्थिर आकार’ वापर कमी-जास्त झाला तरी द्यावाच लागतो. दाभोळच्या क्षमता आकाराचा हा लांबचा भाऊ. ‘वहन आकार’ म्हणजे वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचं भाडं. ‘इंधन समायोजन आकार’ म्हणजे वीज खरेदी आणि इंधन महागल्याचा ग्राहकावर आलेला भार. जोखीम शेवटी कोणाकडे येते, हे या एका ओळीत दिसतं.

दुसरी पायरी म्हणजे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे दरनिश्चितीचे आदेश. ते आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले असतात. दर ठरवण्याआधी आयोग लोकांकडून हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. तिथे बोलायला पदवी लागत नाही, आकडे वाचता यावे लागतात.

कोकणाने आजवर अनेक ऊर्जा प्रकल्पांना जागा दिली किंवा विरोध केला. दाभोळ झालं, जैतापूर आणि नाणारवरून वाद झाले. पुढेही होतील. प्रत्येक वेळी गावापुढे एक जाडजूड कागद येतो आणि तो वाचून सांगणारा माणूस बाहेरून आणावा लागतो. तो माणूस गावातलाच असला तर प्रकल्प हवा की नको यावर मतभेद राहतील, पण निदान कागदावर काय लिहिलंय ते सगळ्यांना कळलेलं असेल.