सातबारा संगणकीकरण

सातबारा संगणकीकरण : गावोगावचे हस्तलिखित जमीन-अभिलेख संगणकात उतरवण्याची आणि पुढे त्यासाठीच्या जुन्या आज्ञावली बाजूला करून सर्व काम ऑनलाइन प्रणालीवर नेण्याची महाराष्ट्र शासनाची प्रक्रिया. चालू कारभार न थांबवता जुना माहितीसाठा नव्या साच्यात कसा हलवतात, याचे हे राज्यातील मोठे उदाहरण आहे.

मूळ दप्तर : गाव नमुना 7 मध्ये जमिनीवरील हक्क, 12 मध्ये पिके, 8अ मध्ये खातेदारवार क्षेत्र आणि 6 मध्ये फेरफार नोंदले जातात. खरेदी, वारस किंवा वाटणी झाली की तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस देतो आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबारावर अंमल होतो. जुने नाव खोडून टाकण्याऐवजी त्याला कंस करण्याची पद्धत होती. त्यामुळे कोणता हक्क कोणत्या फेरफाराने आला, याचा माग मागे मागे काढता येतो. नव्या प्रणालीला हा मागही सांभाळावा लागला.

टप्पे : जमीन-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना 1988-89 मध्ये सुरू झाली. 2008 मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केलेल्या ‘ई-फेरफार’ प्रणालीमुळे फेरफाराची नोंद ते अंमल हा सारा प्रवास संगणकावर आला. 2017 मध्ये गावोगाव चावडीवाचन घेऊन खातेदारांसमोर संगणकीय नोंदी वाचून दाखवण्यात आल्या. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. 2020 मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला. मयत खातेदार आणि फिटलेले बोजे कंसाऐवजी आडव्या रेषेने कमी केलेले दिसू लागले.

अक्षरांची अडचण : युनिकोडपूर्व मराठी मजकूर बहुधा विशिष्ट फॉन्टवर बेतलेला असे. फॉन्ट बदलला की त्याची निरर्थक चिन्हे होत. अशा साठवणीत ‘शिंदे’मधली ऱ्हस्व वेलांटी, डोळ्यांना दिसते तशी, ‘श’च्या आधी ठेवलेली असते, युनिकोडमध्ये ती ‘श’च्या नंतर येते. ‘शर्मा’तला रफार नेमका उलट्या दिशेने हलवावा लागतो. म्हणून असे रूपांतर केवळ चिन्हाला चिन्ह बदलून पुरे होत नाही, क्रमही बदलावा लागतो.

मेळ घालणे : समजा, एका गटाचे एकूण क्षेत्र 1 हेक्टर 20 आर आहे आणि तिघा भावांचे हिस्से 40, 40 व 45 आर लिहिलेले आहेत. वहीत ही 5 आरची तफावत वर्षानुवर्षे खपून जाते. बेरीज तपासणाऱ्या प्रणालीत ती लगेच उघडी पडते. मात्र कोणता आकडा चूक, हे संगणक ठरवू शकत नाही. त्यासाठी मूळ फेरफार काढून पाहावा लागतो. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 चा आधार घेतला जातो.

शहरी पट्टा : मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याणनंतरचे पहिले स्थानक असलेल्या शहाडच्या परिसरात कारखाने आणि वस्ती दाट आहे. अशा पट्ट्यात शेतीसाठी आखलेला उतारा अपुरा पडतो. बिनशेती झालेल्या क्षेत्राला नमुना 12 लागत नाही. नव्या नमुन्यात तशी सूचनाच छापलेली असते आणि क्षेत्र आर-चौरस मीटरमध्ये दिले जाते. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका पाहावी लागते. लगतचे उल्हासनगर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून वाढले. तेथे पुनर्वसनात दिलेल्या जागांसाठी सनद हा महत्त्वाचा कागद ठरतो. एकाच रस्त्यावरच्या दोन जागांचे दप्तर म्हणूनच वेगवेगळे असू शकते.

मर्यादा : संगणकीकरणाने उतारा मिळणे सोपे झाले, त्याचे कायदेशीर स्वरूप तेच राहिले. कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. नोंदीवरून वाद उभा राहिला, की जुन्या हस्तलिखित फेरफाराची नक्कल आजही मागवावी लागते.