प्रवाळ मत्स्यालयातील कॅल्शियम व मॅग्नेशियम व्यवस्थापन

प्रवाळ मत्स्यालयातील कॅल्शियम व मॅग्नेशियम व्यवस्थापन म्हणजे घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवताना या दोन घटकांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याजवळ स्थिर राखणे होय. अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल उदासीन करण्याची पाण्याची क्षमता, हा त्यांच्याशी निगडित तिसरा घटक आहे. त्यांपैकी एकाचाच विचार करून केलेला उपाय बहुधा निष्फळ ठरतो.

पार्श्वभूमी

कठीण प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन अरॅगोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाचा सांगाडा रचतात. चुनायुक्त लाल शैवाल व शिंपल्यांचे प्राणीही हेच घटक वापरतात. समुद्राच्या विशाल साठ्यात ही घट जाणवत नाही. लहान टाकीत मात्र ती काही दिवसांतच दिसू लागते.

योग्य प्रमाण

एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या समुद्रजलात दर लिटरला कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम, तर मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम असते. अल्कलिनिटी सुमारे ७ जर्मन अंश असते. मत्स्यालयात सामान्यतः कॅल्शियम ३८० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी ७ ते ११ अंश ठेवली जाते. क्षारता कमी असल्यास सर्वच आकडे कमी येतात. म्हणून प्रथम क्षारता तपासणे आवश्यक असते.

मॅग्नेशियमचे कार्य

समुद्रजलात कॅल्शियम कार्बोनेट संपृक्ततेपेक्षा अधिक प्रमाणात विरघळलेले असते. तरीही ते सहजासहजी तळाशी बसत नाही. याचे एक प्रमुख कारण मॅग्नेशियम होय. नव्याने तयार होणाऱ्या स्फटिकांच्या पृष्ठभागावर ते चिकटते व त्यांची वाढ रोखते. मॅग्नेशियम फार घटल्यास वरून घातलेले कॅल्शियम प्रवाळांना मिळण्याऐवजी पंप व हीटरवर पुटे धरून बसते. अशा वेळी आधी मॅग्नेशियम पूर्ववत करावे लागते.

घट ओळखणे

सांगाडा बनताना दर लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झाले, तर अल्कलिनिटी २.८ अंशांनी उतरते. कॅल्शियमची ही घट सुमारे ५ टक्के, तर अल्कलिनिटीची एक तृतीयांशाहून अधिक असते. त्यामुळे वापर वाढल्याची खूण प्रथम अल्कलिनिटीत दिसते. मॅग्नेशियमची घट सर्वांत संथ असते.

पूर्ततेच्या पद्धती

* पाणी बदलणे : प्रवाळ थोडे असल्यास ठरावीक काळाने काही पाणी बदलणे पुरेसे ठरते.
* चुन्याची निवळी : बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी ती थेंबथेंब सोडतात. तिच्यातून कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही मिळतात. तिचा सामू १२ च्या वर असल्याने ती एकदम ओतणे प्राण्यांना घातक ठरते.
* दोन द्रावणे : एकात कॅल्शियम क्लोराईड, दुसऱ्यात सोडियम बायकार्बोनेट किंवा कार्बोनेट असते. ती एकत्र मिसळल्यास अवक्षेप तयार होतो. म्हणून ती वेगवेगळी घालतात.
* कॅल्शियम रिअ‍ॅक्टर : यात कार्बन डायऑक्साइडने आम्लधर्मी केलेल्या पाण्यात अरॅगोनाइटची खडी विरघळवली जाते.

मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम क्लोराईड व मॅग्नेशियम सल्फेट यांचे मिश्रण वापरतात.

उदाहरण

२०० लिटर पाण्यात कॅल्शियम ३८० वरून ४२० मिलिग्रॅमपर्यंत न्यायचे असल्यास ४० × २०० = ८,००० मिलिग्रॅम, म्हणजे ८ ग्रॅम कॅल्शियम लागते. डायहायड्रेट रूपातील कॅल्शियम क्लोराईडमध्ये सुमारे २७ टक्के कॅल्शियम असल्याने त्याचे सुमारे २९ ग्रॅम पुरतात. ही मात्रा दोन-तीन दिवसांत विभागून, पाण्यात विरघळवून, वेगवान प्रवाहात सोडतात. मोजमाप केल्याविना मात्रा घालू नये. अतिरिक्त मात्रेने पाणी दुधाळ होते, अल्कलिनिटी कोसळते आणि प्रवाळ दगावू शकतात.

कायदेशीर बाब

भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे मालवणसह कोणत्याही किनाऱ्यावरून ते मत्स्यालयासाठी काढून आणणे हा गुन्हा ठरतो.